मुशीच्या पोटातला रेणू

१८८२ सालचा डिसेंबर. सिसिली बेटावरच्या मेसिना गावी, समुद्राकाठच्या एका घरात इल्या मेचनिकॉव्ह हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. घरची मंडळी सर्कशीतल्या माकडांचे खेळ पाहायला गेली होती. भिंगाखाली तारामाशाच्या अळ्या होत्या. या अळ्या काचेसारख्या पारदर्शक असतात, आतल्या पेशींची हालचाल बाहेरून दिसते. ती पाहता पाहता मेचनिकॉव्हना वाटलं, या पेशी नुसत्या भटकत नसाव्यात; अंगात काही परकं शिरलं तर त्याच्यावर चालून जात असाव्यात. ते उठून बागेत गेले, गुलाबाचे काटे तोडून आणले आणि अळ्यांच्या कातडीखाली टोचले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. पहाटे पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला.

ही हकीगत त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली. आठवणी लिहिताना माणूस थोडी रंगरंगोटी करतो, हे धरून चाललं तरी प्रयोग खरा होता आणि निष्कर्षही. शरीरातल्या काही पेशी जंतूंना गिळतात, हा सिद्धान्त तिथे जन्मला. १९०८ साली मेचनिकॉव्हना पॉल एर्लिश यांच्याबरोबर नोबेल मिळालं. त्याच वर्षी डिसेंबरात भूकंपाने मेसिना जमीनदोस्त झालं.

नोबेल दोघांत वाटलं गेलं, पण पुढची काही दशकं गाजली ती एर्लिश यांच्या बाजूची विद्या. रक्तातली प्रतिपिंडं, लशी, सीरम यांतच प्रतिकारशक्तीचं सगळं मर्म आहे, असा समज रूढ झाला. तारामासा मागे पडला. खरं तर त्याच्याकडे पाहून एक साधा प्रश्न पडायला हवा होता. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात. तारामासा, खेकडा, स्पंज यांच्याकडे आपल्यासारखी प्रतिपिंडं नाहीत. तरी कोट्यवधी वर्षं ही मंडळी त्या पाण्यात सुखाने नांदत आली आहेत. ती कशाच्या जोरावर?

हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही, कारण तोवर माणसाला मातीत खजिना सापडला होता. पेनिसिलिन बुरशीतून आलं. १९४३ साली सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीतल्या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं आणि क्षयरोगावर पहिल्यांदा औषध लागू पडलं. मग टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन, व्हँकोमायसिन. औषध कंपन्या जगभरातून मातीचे नमुने गोळा करत होत्या. मूठभर मातीत एवढं मिळत असताना समुद्रात उतरायची गरज कुणाला?

काही जण तरीही उतरले. १९५९ साली न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातले रॉस निग्रेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लाल स्पंजातून जिवाणूरोधक अर्क काढला, त्याला नाव दिलं एक्टिओनिन. त्याचं औषध झालं नाही. स्पंजांच्या बाबतीत पुढे एक गंमतही उघड झाली. त्यांच्यातली अनेक रसायनं मुळात स्पंज बनवतच नाही, त्याच्या अंगात मुक्कामाला असलेले सूक्ष्मजीव बनवतात. भाडेकरूंनी केलेल्या स्वयंपाकाचं श्रेय घरमालकाला, असला तो प्रकार.

याच सुमारास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत, निराळंच काही घडत होतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले फ्रेडरिक बँग हे रोगांचा अभ्यास करणारे डॉक्टर उन्हाळ्यात तिथे यायचे. मेचनिकॉव्हच्या वाटेने जाऊन साध्या समुद्री जीवांत रोग कसा चालतो ते पाहायचं, असा त्यांचा बेत होता. त्यांनी निवडला हॉर्सशू क्रॅब, म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराचा नालखेकडा. खेकडा हे नाव चुकीचं आहे, नातं विंचू-कोळ्यांशी अधिक जवळचं. साधारण ४५ कोटी वर्षांपूर्वीपासून हे घराणं जवळपास त्याच रूपात टिकून आहे. रक्तात लोहाऐवजी तांबं असल्याने ते हवेत निळसर दिसतं.

बँग यांनी या प्राण्यांना समुद्री जिवाणू टोचले. एकाचं रक्त अंगातल्या अंगात गोठून खरवसासारखं झालं. १९५६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. नवल असं, की जिवाणू उकळून मारले तरी रक्त गोठायचं. म्हणजे जिवाणू जिवंत असण्याची गरज नव्हती. त्यांच्या कवचातला एक पदार्थ, एंडोटॉक्सिन, पुरेसा होता. पुढे रक्तशास्त्रज्ञ जॅक लेव्हिन त्यांच्याबरोबर आले. रक्तातल्या एकाच प्रकारच्या पेशींत हे सगळं यंत्र भरलेलं आहे, हे त्यांनी १९६४ च्या सुमारास दाखवलं. जिवाणूचा वास लागला की या पेशी फुटतात, आतला माल बाहेर ओततात आणि घुसखोराभोवती चिकट गोळा तयार होतो. तारामाशाच्या अळीतल्या गराड्याचीच ही पुढची आवृत्ती. या शोधाचं पुढे काय झालं ते नंतर पाहू, कारण मधल्या काळात कथेचं केंद्र एका बेडकाच्या टाकीत गेलं.

१९६१ साली ब्रिटनमध्ये मेथिसिलिनला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस जिवाणू आढळले. मातीतला खजिनाही आटू लागला होता, तीच तीच रसायनं पुन्हा सापडत होती. १९८१ साली स्वीडनच्या हान्स बोमन यांच्या गटाने सेक्रोपिया पतंगाच्या कोशातून जिवाणू मारणारी दोन छोटी प्रथिनं वेगळी केली. कीटकांकडे प्रतिपिंडं नसली तरी शस्त्रं आहेत, हे सिद्ध झालं. पण कीटकांचं कुणाला अप्रूप? डॉक्टर मंडळींनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

मायकेल झास्लॉफ मात्र डॉक्टरही होते आणि जनुकशास्त्रज्ञही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ते आफ्रिकन नखवाल्या बेडकांची अंडी प्रयोगासाठी वापरत. बेडकीचं पोट चिरायचं, अंडाशय काढायचं, टाके घालायचे आणि तिला पुन्हा टाकीत सोडायचं, हा नेहमीचा रिवाज. टाकीतलं पाणी गढूळ, जंतूंनी भरलेलं. १९८६ साली एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की या बेडक्यांच्या जखमा पिकत नाहीत. ना सूज, ना पू. गेली कित्येक वर्षं हे रोज डोळ्यांसमोर होतं.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. असल्या बेडक्या जगभरच्या शेकडो प्रयोगशाळांत होत्या, आणि सगळीकडे त्यांच्या जखमा अशाच भरून येत असणार. बघणारे पुष्कळ होते, नवल वाटलं ते एकालाच.

झास्लॉफ यांनी बाकीचं काम बाजूला ठेवलं आणि बेडकाच्या कातडीमागे लागले. तिथे त्यांना प्रत्येकी २३ अमिनो आम्लांची दोन पेप्टाइडं मिळाली. हिब्रू भाषेत ढालीला ‘मागेन’ म्हणतात, त्यावरून नाव ठेवलं मॅगेनिन. १९८७ साली शोधनिबंध प्रसिद्ध झाला, वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला, पेनिसिलिनशी तुलना झाली. पेनसिल्व्हेनियात मॅगेनिन फार्मास्युटिकल्स नावाची कंपनी उभी राहिली आणि १९९२ पासून झास्लॉफ तिच्यातच पूर्ण वेळ काम करू लागले.

ही पेप्टाइडं काम कसं करतात ते सोपं आहे. जिवाणूच्या आवरणाच्या बाहेरच्या अंगाला ऋण भार असतो, पेप्टाइडवर धन भार. ती आवरणाला जाऊन चिकटतात, त्यात घुसतात आणि छपराच्या पत्र्याला भोकं पडावीत तसं ते आवरण गळू लागतं. आपल्या पेशींच्या बाहेरच्या अंगाला असा ऋण भार जवळजवळ नसतो, शिवाय त्यांच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, म्हणून त्या बऱ्याच अंशी वाचतात. नेहमीची अँटिबायोटिकं जिवाणूच्या एखाद्या नेमक्या प्रथिनावर नेम धरतात. ते प्रथिन थोडं बदललं की नेम चुकतो. आख्खं आवरण बदलणं जिवाणूला कसं जमणार? हा युक्तिवाद तेव्हा बिनतोड वाटला होता. त्याचं पुढे काय झालं तेही येईलच.

बेडकानंतर झास्लॉफ शार्ककडे वळले. मेन राज्याच्या किनाऱ्यावर सॉल्सबरी कोव्ह इथे माउंट डेझर्ट आयलंड ही जुनी सागरी प्रयोगशाळा आहे. तिथे येल विद्यापीठाचे जॉन फॉरेस्ट दर उन्हाळ्यात शार्कच्या शरीरातल्या क्षारांच्या व्यवहाराचा अभ्यास करत. त्यांचा शार्क होता स्पायनी डॉगफिश, पाठीवरच्या परांपुढे एकेक काटा असलेला, साधारण मीटरभर लांबीचा. आपल्या बाजारात कोळणी जिला मुशी किंवा मोरी म्हणतात, त्याच मोठ्या कुळातला. कोकणात बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीचं कालवण खाऊ घालतात. योगायोग असा, की झास्लॉफ यांचं लक्ष वेधलं तेही या माशाच्या बाळंतपणाने. डॉगफिशची मादी जवळजवळ दोन वर्षं पिल्लं पोटात वाढवते आणि गर्भकाळाच्या उत्तरार्धात तिच्या गर्भाशयात समुद्राचं पाणी खेळतं. म्हणजे जंतूंनी भरलेल्या पाण्यात पिल्लं वाढतात, तीही सडत नाहीत.

मग मुशीचे अवयव एकेक करून वाटले गेले, त्यांचे अर्क काढले गेले. जिवाणूंना मारणारा अर्क अनेक ऊतींत आढळला. जठरातला वेगळा काढून शुद्ध केला. सगळ्यांची अपेक्षा होती बेडकासारखंच पेप्टाइड निघेल. निघालं भलतंच. तो एक स्टेरॉइड होता, कोलेस्टेरॉलच्या घराण्यातला, पित्तातल्या क्षारांसारखा, आणि त्याला स्पर्मिडिन नावाची धन भाराची शेपटी जोडलेली. डॉगफिशच्या स्क्वेलस या शास्त्रीय नावावरून त्याला स्क्वालामिन म्हटलं गेलं. फेब्रुवारी १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात सात जणांच्या नावे निबंध आला. ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह अशा दोन्ही प्रकारच्या जिवाणूंना, बुरशीला आणि एकपेशीय परजीवींनाही तो रेणू मारत होता. निसर्गात असं काही असेल हे रसायनशास्त्रज्ञांनी कल्पिलंही नव्हतं.

दुर्दैवाने १९९३ हे साल शार्कच्या बाबतीत वेडाचं होतं. शार्कला कर्करोग होत नाही असा दावा करणारं पुस्तक आदल्याच वर्षी निघालं होतं आणि शार्कच्या कूर्चेच्या गोळ्या दुकानोदुकानी खपत होत्या. शार्कला कर्करोग होतो, हे शास्त्रज्ञ कंठरवाने सांगत राहिले. स्क्वालामिनचा कूर्चेशी संबंध नव्हता आणि ते मिळवायला शार्क मारायचीही गरज उरली नव्हती, कारण १९९० च्या दशकातच ते प्रयोगशाळेत बनवण्याची रीत सापडली होती. पण शार्क आणि औषध हे दोन शब्द शेजारी आले की लोकांच्या मनात एकच चित्र उभं राहायचं.

कंपनीने पहिला डाव लावला तो मॅगेनिनवर. त्यात थोडा फेरफार करून २२ अमिनो आम्लांचं पेक्सिगॅनन बनवलं आणि मधुमेही रुग्णांच्या पायाच्या जखमेवर लावायचं मलम म्हणून त्याच्या चाचण्या घेतल्या. मलमच का? कारण असलं पेप्टाइड पोटात घेतलं तर पचून जातं आणि रक्तात फार टिकत नाही. आठशेहून जास्त रुग्णांवर त्याची तुलना ऑफ्लॉक्सासिनच्या गोळीशी झाली. गुण जवळपास सारखाच आला. १९९९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगी नाकारली. बाजारातल्या औषधाइतकंच चालणारं औषध नको, अशी ती एकंदर भूमिका. कंपनीचा कणा तिथे मोडला. प्रशासनाचं काही चुकलं असं म्हणवत नाही. पण गोळीने बरी होणारी जखम मलमानेही बरी होत असेल, तर ती गोळी राखून ठेवता येते, हा हिशेब तेव्हा कुणी मांडला असता तर बरं झालं असतं. २०१६ साली दुसऱ्या एका कंपनीने तेच मलम पुन्हा आजमावलं. त्या वेळी ते औषध नसलेल्या मलमापेक्षाही सरस ठरलं नाही.

दरम्यान ‘जिवाणू याला सरावणार नाहीत’ हा युक्तिवादही कसाला लागला. मॅगिल विद्यापीठातले उत्क्रांतीचे अभ्यासक ग्रॅहम बेल यांनी त्यावर जाहीर शंका घेतली होती. झास्लॉफ वाद घालत बसले नाहीत, त्यांनी बेल यांच्याबरोबर प्रयोगच केला. जिवाणूंच्या २४ वंशावळी पेक्सिगॅननच्या वाढत्या मात्रेत सहाशे-सातशे पिढ्या वाढवल्या. २२ वंशावळी सरावल्या. २००६ साली निकाल छापून आला, त्यावर झास्लॉफ यांचं नाव होतं. स्वतःच्या शोधाविरुद्धचा पुरावा स्वतःच्या सहीने देणारे शास्त्रज्ञ विरळा. माझ्या मते या सगळ्या कहाणीतलं त्यांचं सर्वांत मोठं काम हेच.

स्क्वालामिनची गोष्ट आणखी वाकडी गेली. १९९८ साली जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी दाखवलं, की हा रेणू नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. मग जिवाणूरोधक हा त्याचा मूळ गुण बाजूला पडला. आधी कर्करोगावर, मग म्हातारपणी दृष्टिपटल खराब करणाऱ्या रोगावर त्याच्या चाचण्या झाल्या. नाव बदलून जेनेरा झालेल्या मूळ कंपनीने २००७ साली डोळ्यांवरचं काम थांबवलं आणि २००९ साली गाशा गुंडाळला. दुसरीने त्याचे डोळ्यांचे थेंब केले. २०१८ साली तेही अपयशी ठरले.

आता नालखेकड्याकडे परत येऊ. बँग आणि लेव्हिन यांनी शोधलेल्या रक्तपेशींच्या अर्कात एंडोटॉक्सिनचा कणभर अंश पडला तरी तो थिजतो. तोवर इंजेक्शनचं औषध शुद्ध आहे की नाही हे पाहायला सशांना टोचून त्यांना ताप येतो का, याची वाट बघत बसावं लागे. १९७७ साली अमेरिकेत नालखेकड्याच्या रक्ताच्या चाचणीला परवाना मिळाला आणि ससे हळूहळू सुटले. सलाइन, इन्सुलिन, लशी, हृदयात बसवायची उपकरणं, सगळ्यांना ही चाचणी लागू झाली. याच रक्तपेशींत थेट जिवाणू मारणारं शस्त्रही निघालं. १९८८ साली जपानच्या सदाआकी इवानागा यांच्या गटाने त्यांतून १७ अमिनो आम्लांचं टॅकिप्लेसिन वेगळं केलं. त्याचं औषध अजून झालेलं नाही. पहारेकऱ्याची शिट्टी कामी आली, तलवार म्यानातच राहिली.

शिट्टीची किंमत मात्र प्राण्याने मोजली. अमेरिकेत दरवर्षी लाखो नालखेकडे पकडून त्यांचं रक्त काढतात आणि त्यांना परत समुद्रात सोडतात. त्यांतले बरेच दगावतात. भारतात हे प्राणी ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर येतात, अंडी घालायला वाळूत चढतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ते नाहीत, पण त्यांचा अभ्यास झाला गोव्यात, दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. अनिल चटर्जी यांनी ओडिशाच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं जाऊन त्यांच्या विणीची नोंद केली. आज वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

यातून वाटही निघाली ती आशियातच. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात डिंग जीक लिंग आणि हो बाऊ या जोडप्याने रक्तातला एंडोटॉक्सिन ओळखणारा घटक, फॅक्टर सी, जनुकातून बनवून दाखवला. २००३ पासून तो बाजारात आहे. पण औषध उद्योगाचे नियम सावकाश हलतात. युरोपच्या औषधसंहितेने तो २०२१ पासून मान्य केला. अमेरिकेच्या संहितेत प्राण्याच्या रक्ताविना चाचणी करण्याचं प्रकरण लागू झालं ते मे २०२५ मध्ये.

म्हणून या इतिहासाचा जमाखर्च मांडताना दोन प्राणी वेगळे मोजावे लागतात. समुद्राकडे माणूस गेला होता जिवाणू मारणारं औषध आणायला. ते अजून मिळालेलं नाही. समुद्री प्राण्यांपासून वेदनाशामक आलं, कर्करोगावरची औषधं आली, पण त्यांच्या जिवाणूरोधक रेणूपासून घडवलेलं एकही अँटिबायोटिक औषधाच्या दुकानात पोहोचलेलं नाही. हाती आली ती जिवाणूची चाहूल देणारी चाचणी, आणि तिने जितके जीव वाचवले असतील तितके क्वचितच एखाद्या नव्या अँटिबायोटिकने वाचवले असते. जवळजवळ कुठलंही इंजेक्शन टोचून घेतलेल्या माणसाने नकळत या निळ्या रक्ताचं ऋण घेतलेलं असतं.

आणि मुशीचा रेणू? झास्लॉफ यांनी त्याची पाठ सोडली नाही. स्क्वालामिन धन भारामुळे पेशीच्या आवरणाला चिकटतं. पार्किन्सनच्या रोगात घातक ठरणारं अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिनही आवरणालाच चिकटून गुठळ्या करतं. एकाने दुसऱ्याला तिथून हटवलं तर? केंब्रिजच्या संशोधकांबरोबर २०१७ साली त्यांनी प्रयोगशाळेत ते होतं असं दाखवलं. पार्किन्सनच्या रुग्णांना बद्धकोष्ठाचा फार त्रास होतो आणि आतड्यांच्या मज्जापेशींतही तेच प्रथिन साचतं. म्हणून स्क्वालामिनची गोळी करून दीडशे रुग्णांना देऊन पाहिली गेली. २०२२ साली निकाल प्रसिद्ध झाला, गुण स्पष्ट दिसला. १९९३ च्या निबंधाच्या शीर्षकात या रेणूला अँटिबायोटिक म्हटलं होतं. तीस वर्षांनी तो आजमावला गेला पोट साफ होण्यासाठी.